नदीरस्त्यावरची डुलकी

सरळ रस्त्यांविषयी माझी काही तक्रार नाही. मी पालिकेच्या रस्ते खात्यात नकाशे काढते. सरळ रस्ता काढायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात चहाही पिऊन होतो. पण माझा जीव आहे तो नदीरस्त्यावर. हा रस्ता नदीच्या कलाने घेतो. ती वळली की वळतो, ती पसरली की मागे सरतो, आणि साडेतीन किलोमीटर तिच्याशी एकदाही भांडत नाही. मला हे माझ्या घरातल्या माणसांशीही जमलेलं नाही.

जुन्या पुलापाशी तो सुरू होतो आणि पाणी उपसण्याच्या केंद्रापाशी संपतो. मध्ये सतरा वळणं आणि एकच सरळ तुकडा, तोही कोर्टासमोर. न्यायाधीशांना वाकडं चालत नसावं. नदीच्या बाजूला गुडघ्याएवढी दगडी भिंत आहे, बरोबर बसण्याच्या उंचीची. तिच्या आत रुंद फूटपाथ, मग झाडांची रांग, मग रस्ता. पलीकडे घरं, आणि प्रत्येक घराला दारापर्यंत तीन पायऱ्या. शहरातून उतरणाऱ्या गल्ल्या त्याला काटकोनात मिळत नाहीत, सगळ्या तिरक्या येतात, कारण लाकूड भरलेल्या गाड्यांना काटकोनात वळता यायचं नाही. जुन्या वखारीपाशी रस्ता एकाएकी दुप्पट रुंद होतो. तिथे त्याच गाड्या तोंड फिरवायच्या. गाड्या गेल्या, वखारीचा दवाखाना झाला, पण ती रुंदी तशीच आहे आणि आता तिथे रुग्णवाहिका आरामात वळते.

आधी ही नुसती पायवाट होती. मग गाडीवाट झाली, मग एका मोठ्या पुरानंतर भिंत आली, आणि पंचावन्न वर्षांपूर्वी सगळा रस्ता एका दमात डांबरी झाला. कुणा एकाने बसून ठरवलेला नाही, तरी कुठे काही चुकलेलं नाही. एक जागा सोडून, असं लोक म्हणतात.

ती जागा म्हणजे डुलकी. वखारीच्या पुढे तिसऱ्या वळणावर रस्ता तीसेक पावलं सव्वा फुटाने खाली बसतो आणि पुन्हा वर येतो. बसमधल्या सगळ्यांच्या माना एकदम खाली जातात, एकदम वर येतात. शहरात सांगतात की रस्ता बांधताना लेव्हल घेणाऱ्याला, म्हणजे जमिनीची उंची मोजून देणाऱ्याला, ऐन कामात डुलकी लागली, म्हणून तेवढा भाग खाली राहिला. थांब्याचं नावही डुलकी पडलं. कंडक्टर तिथे हटकून ओरडतात, "डुलकी आली, जागे व्हा." पिढ्या बदलल्या, विनोद तोच आहे.

तो लेव्हल घेणारा माझा मामा.

मामा एकोणऐंशी वर्षांचा आहे आणि उभ्या जन्मात दुपारी झोपलेला नाही. मामी होती तेव्हा म्हणायची, हा माणूस झोपेतही एक डोळा बारीक करून असतो. नोकरीत त्याने शहरातल्या निम्म्या रस्त्यांच्या लेव्हल दिल्या, त्या पाण्याचा थेंब कुठे थांबू देत नाहीत. पण लोकांच्या लक्षात राहिली ती डुलकी. मामा त्यावर कधी चकार शब्द बोलला नाही. फक्त नदीरस्त्याच्या बसने आला की वखारीला उतरायचा आणि पुढचा थांबा चालत ओलांडायचा, तेही मागच्या गल्लीतून. लहानपणी मला वाटायचं, त्याला चालायला आवडतं.

या वर्षी नदीरस्ता नव्याने करायचं ठरलं आणि त्यात डुलकी भरून काढायची असंही ठरलं. नकाशा माझ्याकडे आला. त्याच संध्याकाळी मी मामाकडे गेले. तो खिडकीशी पेन्सिलीला टोक करत बसला होता. ब्लेडने, लांब टोक, जुन्या नकाशेवाल्यांसारखं. मी बातमी सांगितली तसा त्याचा हात थांबला.

"पूर्ण भरणार?" त्याने विचारलं.

"पूर्ण. दोन्ही बाजूंच्या रेषेत."

"आणि काढणार कोण? तू?"

"मीच."

तो उठला, चहा ठेवला, आधण उकळून निम्मं झालं तरी त्यात पत्ती टाकायचं त्याच्या लक्षात आलं नाही. मग पाठमोराच म्हणाला, "लवकर कर. माझा काही भरवसा नाही. एकदा त्या रस्त्यावरून सपाट चालत जायचंय मला, मग काय व्हायचं ते होवो."

मी शब्द दिला. मामाने माझ्याकडे आजवर काहीही मागितलेलं नव्हतं. मला अभ्यास त्याने शिकवला, दुर्बिणीतून बघायला त्याने शिकवलं, हा रस्ता पायी फिरवून त्यातलं प्रत्येक वळण का आहे ते त्याने सांगितलं. एवढं एकच काम सांगितलं, आणि तेही माझ्या रोजच्या कामातलं.

पुढच्या सोमवारी मी लेव्हल घ्यायला डुलकीवर गेले. बरोबर आमचे पट्टीवाले दादा होते. दुर्बिणीसमोर आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून उभं राहायचं हे त्यांचं काम. तीस वर्षं ते पट्टी धरतायत आणि आता त्यांची स्वतःची पाठही तशीच सरळ झाली आहे. रस्त्याच्या लेव्हल तासाभरात झाल्या. नुसत्या रस्त्याच्या घेऊन निघायचं, असंच साहेबांनी सांगितलं होतं. पण मामाची शिकवण अशी की रस्ता मोजायचा तर त्याचे शेजारीही मोजायचे. म्हणून मी दादांना मागच्या गल्लीत पाठवलं.

पहिल्याच घराशी आकडा बघितला आणि मला वाटलं मीच चुकले. पुन्हा बघितला. मग पाच घरं पुढे, मग दहा. गल्ली शहराकडून उतरत येत होती आणि थेट डुलकीच्या तोंडाशी येऊन थांबत होती. शेजारच्या दोन गल्ल्याही पुढे वाकून तिथेच येत होत्या.

कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान आहे. मावशी तिथे चाळीस वर्षं इस्त्री करतात, त्यांच्या आधी त्यांची सासू करायची. मी पट्टी त्यांच्या उंबऱ्यावर ठेवायला सांगितली तशा त्या इस्त्री बाजूला उभी करून बाहेर आल्या.

"काय मोजताय, ताई?"

"डुलकी भरायचीय मावशी. त्याआधी बघतेय."

"भरायचीय?" त्यांनी पदार्थ करपल्यावर बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "मग आमचं पाणी कुठं जायचं?"

त्यांनी मला आत नेलं आणि भिंत दाखवली. जमिनीपासून चार बोटांवर एक पुसट डाग होता. "हा मोठ्या पावसाच्या वर्षीचा. वरच्या शहराचं सगळं पाणी आमच्या गल्लीतून येतं. आलं तसं डुलकीतून पलीकडे गेलं, काठच्या जुन्या पायऱ्यांवरून नदीत. आता वखारीच्या गल्लीत माझ्या बहिणीकडे जा. तिच्याकडे डाग इथं आहे." त्यांनी कमरेला हात लावला. "आठ दिवस तुंबलं होतं तिच्याकडे. रस्ता आडवा, पाणी जाणार कुठून? ती मला म्हणते, तुझ्या दारात देव झोपलाय. मी म्हणते, देव नाही बाई, तो लेव्हलवाला झोपला होता, त्याचं भलं होवो."

मी रस्त्यावर आले आणि पहिल्यांदा त्या जागेकडे नीट बघितलं. डुलकीच्या समोर दगडी भिंतीत दोन हात रुंद फट आहे आणि तिथून जुन्या पायऱ्या नदीत उतरतात. पूल व्हायच्या आधी लोक तिथून पाण्यात पाय घालून पलीकडे जायचे. मी पट्टी सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवायला सांगितली. पायरी आणि डुलकीचा तळ, फरक बोटभरही नव्हता. रस्ता तिथे बसलेला नव्हताच. जमीन मुळात तेवढीच होती, आणि फक्त तेवढ्या तीस पावलांत कुणीतरी तिच्यावर भराव टाकला नव्हता. काय देखणं काम होतं ते. नोकरीची नऊ वर्षं मी त्यावरून रोज मान डोलावत गेले होते आणि मला दिसलं नव्हतं.

खात्यात आमच्या साहेबांना पाठीमागे सगळे फूटपट्टी म्हणतात. माणूस वाईट नाही, फक्त वाकडं काही त्यांना सोसत नाही. त्यांच्या टेबलावरचा पेपरवेटही चौकोनी आहे. मी आकडे समोर ठेवले आणि म्हटलं की डुलकी भरली तर रस्ता गल्लीतल्या उंबऱ्यांच्या वर जाईल आणि चाळीस घरांत पाणी तुंबेल.

"आणि खाली ठेवली तर तिथून नदी आत येत नाही का?"

"पंचावन्न वर्षांत दोनदा आली, साहेब. त्याच संध्याकाळी त्याच वाटेने गेली."

"खालून पाइप घालू."

"पाइप दोन वर्षांत गाळाने भरतो. मग तो साफ कोण करणार?"

साहेबांनी पेपरवेट सरळ केला. "मॅडम, एक विचारू का? ते लेव्हलवाले तुमचे मामा ना? मामांची चूक झाकायला हे चाललंय, असं कोणी म्हटलं तर?"

माझं डोकंच फिरलं. "मामाची चूक झाकायची असती तर ती भरूनच झाकली असती. भरा म्हणून माझ्या मागे लागलाय तो मामाच आहे."

"मग त्यांनाच बोलावू," साहेब शांतपणे म्हणाले. "गुरुवारी सकाळी, जागेवर. ते काय म्हणतात बघू, आणि तिथेच नकाशा पक्का करू."

म्हणजे मी दोन्हीकडून अडकले. बुधवारी मामाला सगळं सांगायला गेले तर त्याने ठेवणीतला शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर घातला होता. साहेबांचा फोन येऊन गेला होता. "इतक्या वर्षांनी खात्याला माझी आठवण झाली," तो म्हणाला, आणि इतका खूश होता की माझी जीभ उचलली नाही. मी भित्री नाही, पण त्या दिवशी भ्याले. चहा प्यायले आणि घरी आले.

गुरुवारी मामा चालत आला, मागच्या गल्लीतून. साहेब होते, दादा होते, इस्त्रीवाल्या मावशी दुकानातून मान काढून बघत होत्या. साहेबांनी सरळ विषयाला हात घातला.

"तुमची भाची म्हणते, भरू नये."

मामाने माझ्याकडे बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. "तू शब्द दिला होतास," तो एवढंच म्हणाला. मग साहेबांकडे वळला. "भरा. चूक माझी आहे. आणि मला काही डुलकी लागली नव्हती. आज सांगूनच टाकतो."

त्याने सांगितलं ते मीही कधी ऐकलेलं नव्हतं. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता, नोकरीला तीन महिने झाले होते. जमिनीची पाहणी एका म्हाताऱ्या सर्वेक्षकांनी केली होती. त्यांच्या नकाशावर या जागेला एक बाण होता आणि एकच शब्द होता, उतार. मामाने वाचलं, इथे उतार द्यायचा, नदीकडे. म्हणून बाकी सगळीकडे भराव टाकून रस्ता उचलला आणि इथे तेवढा नदीकडे खाली ठेवला. डांबर पडल्यावर ते म्हातारे बघायला आले आणि कपाळाला हात लावला. उतार म्हणजे लोक जिथून नदी उतरून जातात ती जागा. ओळखीची खूण म्हणून त्यांनी लिहिलं होतं, बस. पाण्यासाठी द्यायच्या उताराला ते जन्मभर ढाळ म्हणत आले होते, आणि सगळ्या नकाशावर ढाळच लिहिलेलं होतं.

"ते चांगले होते. कुणाला बोलले नाहीत, वर्षभरात गेले. लोक म्हणायला लागले, झोपला होता. मी म्हटलं, म्हणू देत. झोप लागली म्हटलेलं परवडलं. लेव्हलवाल्याला नकाशा वाचता आला नाही, हे कसं सांगायचं?" त्याने खिशातून रुमाल काढला, उगाच चष्मा पुसला. "रोज हजार माणसांच्या माना खाली जातात इथे. माझी पंचावन्न वर्षं खालीच आहे. भरा आता."

साहेबांना काय करावं कळेना. ते भिंतीकडे बघत राहिले.

मी दुर्बीण उभी केली. तिपाईचे पाय रोवले, पातळी दाखवणारा बुडबुडा मध्ये आणला. "मामा, एकदा बघ," मी म्हटलं. "माझे आकडे चुकले असतील. तू बघ आणि मग म्हणशील तसं. भर म्हणालास तर आज काढून देते."

हे मात्र त्याला नाकारता येईना. समोर मांडलेली दुर्बीण सोडून तो कधीच गेलेला नाही. त्याने चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा बारीक केला. पट्टी दादांच्या हातातून मावशींनी काढून घेतली होती. "माझा उंबरा आहे, मीच धरते," म्हणाल्या, आणि सैनिकासारख्या उभ्या राहिल्या.

मामाने उंबरा बघितला. मग दादांना पट्टी घेऊन गल्लीत पाठवलं, वर, आणखी वर. मग शेजारची गल्ली, मग वखारीकडचा रस्ता. मी लिहून घेऊ लागले तर म्हणाला, "असू दे, लक्षात राहतं." शेवटी स्वतःच पट्टी सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवायला सांगितली. त्या आकड्यावर तो बराच वेळ डोळा लावून राहिला.

मावशी पुढे येऊन म्हणाल्या, "आजोबा, तुम्हीच का ते? माझी सासू रोज सकाळी तुमच्या नावाने हात जोडायची. नाव माहीत नव्हतं म्हणून नुसतं लेव्हलवाला म्हणायची."

मामा दुर्बिणीपासून बाजूला झाला. त्याने एकदा गल्लीकडे बघितलं, एकदा पायऱ्यांकडे.

"लोक इथूनच नदी का उतरायचे?" त्याने मला विचारलं. लहानपणी गणित घालायचा त्याच आवाजात.

"काठ इथे सगळ्यात खाली आहे म्हणून."

"आणि गल्लीचं पाणी इथूनच का जातं?"

"त्याच कारणाने."

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग साहेबांना म्हणाला, "वाचायला चुकलो ते चुकलोच. ते मी मागे घेत नाही. पण चूक योग्य जागी झाली. भरू नका."

साहेबांनी मान हलवली. हा माणूस आकड्यांपुढे हट्ट करत नाही, एवढं मी त्यांच्याबद्दल नेहमी सांगेन. मी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि पेन्सिल मामाच्या हातात दिली. डुलकीपाशी त्याने बाण काढला आणि लिहिलं, उतार. थोडं थांबून त्याने पुढे कंसात ढाळ असं लिहिलं.

"हे कशाला?" साहेबांनी विचारलं.

"पुढचा कोणी माझ्यासारखा असला, तर उतार वाचून इथे होडी लावायचा."

साहेब हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं, तेही जरा तिरकंच होतं.

काम महिन्याभराने सुरू झालं. मामाने फोन करून कळवलं की तो बघायला येणार आहे, दहाच्या बसने. मी डुलकीच्या थांब्यावर उभी राहिले, सवयीने वखारीकडे तोंड करून. तो तिकडून चालत येणार हे मी धरून चालले होते. बस आली, वखारीला थांबली, कोणीच उतरलं नाही. मग ती वळणावर आली. खिडक्यांतल्या माना खाली गेल्या, वर आल्या. दारात मामा उभा होता, ठेवणीतल्या शर्टात, दांडा धरून.

कंडक्टर नेहमीसारखा ओरडला, "डुलकी आली, जागे व्हा. आजोबा, जागे व्हा."

"जागाच आहे," मामा उतरता उतरता म्हणाला. "तेव्हाही जागाच होतो."